घरभर एकच प्रिंटर: रास्पबेरी पाय आणि कप्स, आठ महिने वापरून

आमच्याकडे एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे, फक्त यूएसबीवाला, वाय-फाय नाही, स्क्रीन नाही, दोन बटणं आणि दोन दिवे. किती वर्षांचा आहे ते मलाच आता आठवत नाही पण तो काही मरत नाही. टोनर कोपऱ्यावरच्या दुकानात भरून मिळतो, पानं चरचर काढतो, त्यामुळे टाकून द्यायला मन होत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे त्याच्या नावाने थोडं रडणार आहे.

मी घरून अकाउंट्सची कामं करते, जीएसटी, टीडीएस, छोट्या दुकानदारांची पुस्तकं. प्रिंटर वरच्या मजल्यावर माझ्या टेबलाशेजारी, टॅलीवाल्या पीसीला जोडलेला. आणि घर सांगलीतलं, खाली सासू-सासरे, वर आम्ही. तर व्हायचं असं की घरात कोणालाही एक कागद हवा असला की तो आधी माझ्या व्हॉट्सॲपवर यायचा. अप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, सातबारा हवा, मुलीला शाळेची वर्कशीट हवी, नवऱ्याला गाडीच्या इन्शुरन्सची कॉपी हवी, सगळे "पाठवलंय बघ" म्हणून मोकळे. मग मी पीसी चालू करा, व्हॉट्सॲप वेब उघडा, डाउनलोड करा, प्रिंट काढा, खाली नेऊन द्या. आणि मी बाहेर असले की काम थांबलं किंवा मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे, तिथे आपलं आधार कार्ड त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आणखी पन्नास जणांच्या आधार कार्डांबरोबर कायमचं राहायला जातं. हे मला पैशापेक्षा जास्त खुपायचं.

नवरा म्हणाला वाय-फायवाला नवीन घे आणि विषय संपव. बघितलं, बरा म्हणावा असा दहा-पंधरा हजारांच्या घरात जात होता आणि स्वस्तातले सगळे इंकवाले. आमच्याकडे महिन्यातून चार दिवस धडाधड पानं निघतात आणि मधले पंधरा दिवस काहीच नाही, अशा घरात इंक सुकते हो. राउटरला मागे यूएसबीचं भोक आहे तेही करून बघितलं, पण त्यात फक्त पेनड्राइव्ह चालतो, प्रिंटर लावला तर ढिम्म.

मग शेवटी लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टिमचा, मार्ग धरला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहेच, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तो लॅपटॉप काही विंडोज ११ च्या पात्रतेत बसत नाही. आधी त्यालाच प्रिंटर लावून शेअर केला, चालला, पण लॅपटॉप दिवसभर चालू ठेवायचा म्हणजे पंखा घरघरतोय, बॅटरी फुगायची भीती आणि झाकण मिटलं की झोपला, की प्रिंटर गायब. म्हणून आठ महिन्यांपूर्वी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू नावाचा चिमुकला कॉम्प्युटर घेतला.

हा केवढा असतो तर दोन बोटांएवढा. २०२१ मध्ये आलेला बोर्ड आहे, तेव्हा किंमत १५ डॉलर होती, मला इकडे कार्ड, केबल, डबी सगळं धरून अडीच हजारांच्या आसपास पडलं. आत चार कोअरचा प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी, वाय-फाय आहे पण फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं, ५ वालं नाही, हे लक्षात ठेवा, काही जण घरात फक्त ५ चालू ठेवतात त्यांना हा सापडणारच नाही. आणखी एक, याला नेहमीचं मोठं यूएसबी सॉकेट नसतं, मायक्रो यूएसबी असतं, तेही शेजारीशेजारी दोन, एक पॉवरचं आणि एक डेटाचं. प्रिंटरची केबल लावायला ओटीजीचा छोटा तुकडा लागतो, तो शंभर-दीडशेला मिळतो. मी तो मागवायला विसरले आणि सगळं सामान येऊनही तीन दिवस नुसतं बघत बसले.

कुरिअरवाला आला तेव्हा मी अंघोळीला होते, सासूबाईंनी पार्सल घेतलं आणि खालून ओरडल्या, "अगं, तुझा कसला तो पाय आलाय!" आता घरात त्याचं नाव पायच आहे. "पाय चालू आहे का?" "पायाचा दिवा गेलाय." शेजारच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की माझा पाय मोडलाय.

आता मुख्य माल म्हणजे कप्स. लिनक्सवर प्रिंटिंगचं सगळं खातं हाच प्रोग्राम सांभाळतो, आणि मॅकवरसुद्धा हाच असतो हे मला आधी माहीत नव्हतं. मायकल स्वीट नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू केलेलं काम, ॲपलने ते २००२ च्या सुमाराला आपल्या सिस्टिममध्ये घेतलं, मग २००७ मध्ये त्या माणसाला नोकरीवर घेऊन कोडच विकत घेतलं. २०१९ च्या शेवटी तो तिथून बाहेर पडला आणि आता ओपनप्रिंटिंग नावाची मंडळी हे पुढे चालवतात, २०२१ मध्ये २.४ व्हर्जन त्यांनीच काढलं. हा इतिहास सांगायचं कारण पुढे येईल, नणंदेच्या आयफोनच्या वेळी.

पायवर डेबियनच्या घराण्यातलं लिनक्स टाकलं, डेस्कटॉपशिवायचं, मग कप्स टाकला. त्याचा कारभार ब्राउझरमधून चालतो, पायचं नाव टाकायचं आणि पुढे पोर्ट ६३१, म्हणजे कप्सच्या दाराचा नंबर. पहिल्यांदा बाहेरून उघडत नाही कारण तो मुळात फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो, त्याला सांगावं लागतं की घरातल्या नेटवर्कवरून आलेल्यांनाही आत घे. मग उघडलं की ब्राउझर लाल पाटी दाखवतो की हे पान सुरक्षित नाही, कारण त्याचं सर्टिफिकेट त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं असतं. घरातलंच मशीन आहे, पुढे जा म्हणायचं. आणि मग युजरनेम पासवर्ड विचारतो आणि बरोबर पासवर्ड टाकूनही परत तेच विचारतो, परत तेच, परत तेच. इथे माझा एक अख्खा रविवार गेला. पासवर्ड चुकत नव्हता, माझा युजर एलपीॲडमिन नावाच्या ग्रुपमध्ये नव्हता, बास. तो ग्रुप जोडला, परत लॉगिन केलं आणि काम फत्ते. इतकं साधं होतं पण "तुला परवानगी नाही" असं सरळ न सांगता नुसता परत परत पासवर्ड मागतो, सरकारी खिडकीसारखा.

शेअरिंगचे टिकमार्क दोन ठिकाणी असतात हेही लिहून ठेवते. एक सगळ्या सर्व्हरचा, की माझ्याकडचे प्रिंटर शेअर करायचे आहेत, आणि दुसरा त्या एकेका प्रिंटरचा. दोन्ही लागतात. मी पहिला करून खूश होऊन बसले होते.

प्रिंटरचं रडगाणं आता. नवीन प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरला त्या प्रिंटरशी बोलायला शिकवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामशिवाय चालतात, त्यांना काही लागत नाही. माझा त्या जुन्या जातीचा, ज्यांना स्वतःचं डोकं नसतं, सगळा हिशेब कॉम्प्युटरने करून तयार चित्र पाठवायचं आणि याने नुसतं छापायचं. वर म्हणजे याच्या पोटात फर्मवेअरही, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रामही, कायमचं राहत नाही, बटण बंद केलं की विसरला, चालू केला की कॉम्प्युटरने ते परत पाठवायचं, रोज, प्रत्येक वेळी. विंडोजवर हे गुपचूप होतं म्हणून आपल्याला पत्ता नसतो. लिनक्सवर यासाठी फू-टू-झेडजेएस नावाचा ड्रायव्हर आहे, लोकांनी स्वतः खटपट करून बनवलेला, त्यात सोय आहे की प्रिंटर चालू झाल्याची चाहूल लागली की फर्मवेअर आपोआप पाठवायचं. फक्त फर्मवेअरची फाइल वेगळी आणून योग्य फोल्डरमध्ये ठेवावी लागते. ती ठेवली आणि प्रिंटर बंद करून चालू केला तर त्याने दोन सेकंदांनी तो ओळखीचा खर्रर्र आवाज केला, आतली रोलरं फिरली आणि हिरवा दिवा लागला. तो आवाज मी इतकी वर्षं ऐकतेय पण तो का येतो ते त्या दिवशी कळलं.

प्रिंटर घ्यायच्या आधी किंवा पाय घ्यायच्या आधी हे मात्र तपासा: काही कंपन्या लिनक्सचा ड्रायव्हर देतात पण तो फक्त इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला असतो आणि पायचा प्रोसेसर आर्म, तिथे तो ड्रायव्हर चालतच नाही. असा प्रिंटर असेल तर पाय घेऊ नका, जुना लॅपटॉप किंवा जुना डेस्कटॉपच बरा. माझं नशीब म्हणून माझा ड्रायव्हर कोड उघडा असलेला निघाला, मी काही आधी तपासलं नव्हतं.

पहिली टेस्ट प्रिंट आली तर खालचा भाग कापलेला. सिस्टिम टाकताना भाषा म्हणून अमेरिकन इंग्लिश ठेवली होती ना, मग कागद लेटर साइजचा धरला त्याने. लेटर आपल्या ए४ पेक्षा रुंदीला जरासा जास्त आणि उंचीला दोन सेंटिमीटरच्या आसपास कमी. बिलाच्या तळाशी सहीची जागा असते नेमकी तीच उडते. सर्व्हरवर ए४ करा, मग त्या प्रिंटरच्या सेटिंगमध्येही ए४ करा, आणि मग ज्या मशीनवरून प्रिंट देताय तिथेही एकदा बघा. तीन ठिकाणी. आपल्याकडे लेटर साइजचा कागद कुठल्या दुकानात मागून तरी बघा, दुकानदार पत्र लिहायचं पॅड काढून देईल.

आता कोणाकोणाला जोडला ते.

मिंटवाल्या लॅपटॉपवर काहीच करावं लागलं नाही, खरंच काही नाही, प्रिंट म्हटलं की यादीत आपोआप आला. पायवर अवाही नावाचा एक प्रोग्राम असतो तो नेटवर्कवर दवंडी पिटत असतो, इथे इथे प्रिंटर आहे हो, आणि बाकीचे ऐकतात.

अँड्रॉइड फोनवर आत आधीपासून एक प्रिंट सर्व्हिस असते, त्यात दिसला. अप्पांचा फोन जुना आहे, त्यात मोप्रिया नावाचं प्रिंटचं ॲप टाकलं मग दिसला.

विंडोज पीसीवर जरा घोळ झाला, आपोआप शोधला पण जोडताना लटकला, मग मी "यादीत नाही" वर जाऊन पायचा पत्ता हाताने लिहिला, पोर्ट ६३१ आणि पुढे प्रिंटरचं नाव, आणि ड्रायव्हर विचारला तेव्हा मायक्रोसॉफ्टचाच आयपीपी क्लास ड्रायव्हर निवडला, आयपीपी म्हणजे नेटवर्कवरून प्रिंटरशी बोलायची ठरलेली भाषा. प्रिंटर कंपनीचा ड्रायव्हर निवडायचा नाही, तो मोह टाळा, कारण खरं भाषांतर पायवर होतंय, विंडोजने फक्त कागद त्याच्याकडे सोपवायचा आहे. विंडोजशी शेअरिंग करायला वापरतात तो साम्बा वगैरे काही लागत नाही. राउटरमध्ये जाऊन पायचा आयपी पत्ता कायमचा एकच ठेवा, नाहीतर राउटर रिस्टार्ट झाला की पत्ता बदलतो आणि विंडोज म्हणतो प्रिंटर ऑफलाइन.

आणि नणंद दिवाळीला पुण्याहून आली होती, तिला परतीच्या तिकिटाची प्रिंट हवी होती, म्हणाली "वहिनी, पाठवू का तुला?" म्हटलं नको, तूच काढ. तिने आयफोनवर शेअर, प्रिंट केलं, प्रिंटर यादीत हजर, आणि खर्रर्र आवाज. काहीही इन्स्टॉल न करता. एअरप्रिंट, म्हणजे ॲपलची वायरशिवाय छापायची सोय, २०१० मध्ये आलं, तेही याच आयपीपीच्या पायावर उभं आहे आणि कप्स ती दवंडी आयफोनला कळेल अशा भाषेत देतो. म्हणजे बघा, कित्येक वर्षं जुना, डोकं नसलेला यूएसबी प्रिंटर आयफोनला एकदम आधुनिक एअरप्रिंटवाला दिसतो, मेकअप करून उभा राहिलेला. नणंदेने विचारलं, "नवीन घेतलात का?" मी काही बोलले नाही.

पण हे सगळं चाललं वरच्या मजल्यावर. खाली काहीच दिसेना. खालच्या फोनवर यादी रिकामी. मी दोन दिवस कप्सला दोष देत होते, सगळ्या सेटिंग परत परत बघितल्या, आणि दोष निघाला आमच्या वायरिंगचा. फायबरवाल्याचं डबडं खाली हॉलमध्ये, वर रेंज येत नाही म्हणून मागे एका पोराने दुसरा राउटर आणून बसवून दिला, त्याने खालची केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या भोकात, खुपसली आणि गेला. नेट दोन्हीकडे चालतं म्हणून कोणाला कधी कळलंच नाही की घरात दोन वेगवेगळी नेटवर्कं आहेत, खालची मंडळी एका वाड्यात आणि वरची दुसऱ्या वाड्यात, मध्ये भिंत. अवाहीची दवंडी भिंतीपलीकडे जात नाही. बरं, वरचे खालच्यांपर्यंत कसेबसे पोचू शकतात पण खालचे वर येऊ शकत नाहीत, आणि पाय वर.

ओळखायचं कसं तर सोपं आहे, दोन्ही मजल्यांवर फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा. आमचा वर १९२.१६८.१ ने सुरू होत होता आणि खाली १९२.१६८.० ने. उपाय म्हणजे वरच्या राउटरमध्ये पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून खालच्याच रांगेतला दिला आणि केबल वॅनमधून काढून साध्या लॅन पोर्टमध्ये लावली. दहा मिनिटांचं काम. खाली जाऊन सासूबाईंच्या फोनवर बघितलं तर प्रिंटर हजर. आणि टीव्हीवर मोबाइल दाखवता येत नाही ही जी नवऱ्याची वर्षभराची तक्रार होती तीसुद्धा त्याच दिवशी मिटली, तिचं श्रेय मला अजून मिळालेलं नाही. पाहुण्यांसाठीचं गेस्ट वाय-फाय असेल तर तिथूनही प्रिंटर दिसत नाही, पण ते तसंच असू दे, बरंच आहे.

आता सातबाऱ्याची गोष्ट सांगते, कारण या सगळ्या खटाटोपात सेटिंग म्हणून सर्वात महत्त्वाचं मला हेच वाटतं आणि ते कोणी सांगत नाही.

पाय आणि राउटर मी इन्व्हर्टरवर ठेवलेत. प्रिंटर नाही ठेवता येत, लेझर प्रिंटर आतला फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर चिकटवणारा गरम भाग, तापवायला क्षणात कित्येकशे वॅट ओढतो, घरचा इन्व्हर्टर लगेच बोंबलतो. म्हणजे लाईट गेली की पाय जिवंत आणि प्रिंटर मेलेला. सुरुवातीला माझ्याकडे कप्समध्ये त्या प्रिंटरची एरर पॉलिसी "स्टॉप प्रिंटर" अशी होती. म्हणजे एकदा प्रिंट द्यायचा प्रयत्न फसला की कप्स त्या प्रिंटरला कुलूप लावून टाकतो, पॉज्ड. मग लाईट येऊ दे, प्रिंटर चालू होऊ दे, कुलूप तसंच, मी ब्राउझरमध्ये जाऊन रिझ्यूम म्हणेपर्यंत. महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या दिवशी, माझा एक क्लायंट समोर खुर्चीत बसलाय आणि चलनाची प्रिंट निघेना, हिरवा दिवा चालू, कागद भरलेला, आणि मी घामाघूम. तेव्हा ही पॉलिसी सापडली. ती बदलून "रिट्राय जॉब" केली, म्हणजे नाही जमलं तर थोड्या वेळाने परत कर.

झालं, मी निश्चिंत. मग पावसाळ्यात एके संध्याकाळी लाईट गेलेली, अप्पांना दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जायचं होतं. त्यांनी महाभूमीवरून १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा स्वतःच्या फोनवर काढला, एकट्याने, कोणाला न विचारता, आणि प्रिंट दाबलं. काही आलं नाही. परत दाबलं. खुर्ची जवळ घेऊन बसले आणि दाबत राहिले. प्रत्येक वेळी फोन म्हणतोय प्रिंट पाठवली, आणि ते खरंच होतं, पाठवली जात होती, पाय ती इमानेइतबारे घेऊन ठेवत होता. रात्री लाईट आली तेव्हा प्रिंटरचं बटण बंदच होतं. सकाळी साडेसहाला मी वर आले, पीसी चालू केला, सवयीने प्रिंटरचं बटण दाबलं. खर्रर्र. आणि मग सातबारा. आणि सातबारा. आणि सातबारा. दोन पानांचा होता, ट्रे भरून खाली जमिनीवर पानं पडायला लागली. अकरा कॉप्या मोजल्या. अप्पा जिन्यातून वर येऊन बघतायत आणि शांतपणे म्हणाले, "चला, लागला वाटतं आता."

तर पॉलिसी कुठलीही ठेवा, दोन्हीत मार आहे. मी रिट्राय ठेवली, कारण पानं वाया गेलेली परवडतात, क्लायंटसमोरचं कुलूप नाही. पाठकोऱ्या कागदांवर मुलगी अजून गणितं सोडवतेय. सासूबाईंनी प्रिंटरवर चिकटपट्टीने कागद लावलाय, स्वतःच्या अक्षरात, "आधी बटण, मग प्रिंट."

वेगाबद्दल: साधं बिल, तिकीट, दोन-चार पानांचं पत्र असेल तर पीसीला थेट जोडलेला असताना जितका वेळ लागायचा त्यात फार फरक नाही, पहिलं पान यायला काही सेकंद जास्त. पण स्कॅन केलेली जाड पीडीएफ, प्रत्येक पान म्हणजे एक फोटो, अशी दिली की पाय विचारात पडतो. ५१२ एमबी मेमरीत प्रत्येक पानाचं चित्र बनवायचं म्हणजे तेवढं होणारच. एकदा चाळीस पानांचं जुनं खरेदीखत दिलं, चहा करून पिऊन झाला तरी चालूच होतं. अशी कामं रोजची असतील तर जास्त मेमरीवाला पाय ४ किंवा एखादा जुना पीसी घ्या. मी अशी फाइल दहा-दहा पानांनी देते.

मराठीचं विचारतील म्हणून सांगते, पीडीएफ असेल तर मराठी अगदी नीट येतं, जोडाक्षरं, रफार सगळं जागेवर. साधी टेक्स्ट फाइल थेट पाठवली तर मात्र जोडाक्षरांचा चुराडा होतो, तसं करू नका. आणि जुन्या फाँटात टाइप केलेल्या वर्डच्या फाइली, सोसायट्यांच्या नोटिसा अजून तशाच येतात, त्या दुसऱ्या मशीनवर उघडल्या की मंगळावरची भाषा दिसते. त्यात कप्सचा दोष नाही, ज्याने टाइप केलंय त्यालाच पीडीएफ करून पाठव म्हणायचं. सासूबाईंसाठी मी स्तोत्रं मोठ्या अक्षरात पीडीएफ करून ठेवलीत, २४ च्या साइजमध्ये, त्या आता स्वतःच प्रिंट काढून मंडळात वाटतात. एका गुरुवारी पंचवीस कॉप्या. टोनर माझा.

सुरक्षेचं थोडक्यात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कप्सबरोबर येणाऱ्या कप्स-ब्राउज्ड नावाच्या प्रोग्राममध्ये भोक सापडलं होतं, बरीच ओरड झाली होती, बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर घुसवू शकत होता आणि त्यावर कोणी प्रिंट दिली की त्याचा कोड चालायचा. तो प्रोग्राम दुसऱ्यांचे प्रिंटर शोधण्यासाठी असतो, आपला शेअर करायला तो लागतच नाही, त्यामुळे पायवर मी तो बंदच करून टाकला. अपडेट टाकत राहा आणि राउटरमध्ये ६३१ पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडू नका, ऑफिसमधून घरी प्रिंट द्यायची हौस असेल तरी.

मेमरी कार्ड एकदा गेलं. तेव्हा पाय इन्व्हर्टरवर नव्हता आणि लाईट सारखी ये-जा करत होती, एके दिवशी बूटच होईना. सगळं परत बसवायला दीड तास गेला कारण काय केलं होतं ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं. आता सगळं नीट चालू असताना अख्ख्या कार्डाची कॉपी लॅपटॉपवर काढून ठेवलीये, आणि दुसरं कार्ड तयार करून प्रिंटरच्या बुडाखाली चिकटवलंय. पायच्या वाय-फायचं पॉवर सेव्हिंगही बंद केलंय, म्हणजे सकाळी पहिल्या प्रिंटला तो डोळे चोळत बसत नाही.

एक चिंता आहे, कप्सची पुढची ३.० आवृत्ती जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकणार आहे, सगळा भर ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या प्रिंटरवर. माझ्या प्रिंटरसारख्या जुन्या खोडांसाठी प्रिंटर ॲप्लिकेशन म्हणून वेगळा मधला प्रकार आहे, जुन्या ड्रायव्हरला नवीन कपडे घालून उभा करणारा. म्हणजे वाट आहे, पण परत एक रविवार जाणार. आत्ता चाललंय ते मी हलवणार नाही, मोठं अपग्रेड आलं की आधी दुसऱ्या कार्डावर करून बघेन.

कोणी घ्यावं? घरात चालता यूएसबी लेझर पडून आहे, त्याचा ड्रायव्हर आर्मवर चालतो हे तपासलंय आणि ब्राउझरमध्ये चार सेटिंग बघायला कंटाळा नाही, त्याने डोळे मिटून करावं. ऑल-इन-वन असेल तर कप्स फक्त प्रिंटचं बघतो, स्कॅनर शेअर करायला सेन नावाची वेगळी सोय आहे, तिचा अनुभव मला नाही कारण माझ्याकडे स्कॅनरच नाही. आणि जुना प्रिंटरच नसेल, नवीनच घ्यायचा असेल, तर या भानगडीत पडू नका, सरळ नेटवर्कवाला लेझर घ्या, पायची मजा लुटायला मुद्दाम यूएसबीवाला घेऊ नका.

माझे पाचपैकी चार. एक कापला तो त्या पासवर्डच्या रविवारचा.

काल दुपारी मी बँकेत होते, फोन वाजला, सासूबाई. मला वाटलं झालं, प्रिंटर अडला. "अगं, पिंटरमधला कागद संपलाय, नवीन रिम कुठे ठेवलंयस?" कपाटात, दुसऱ्या कप्प्यात.